मुंबईच्या गोदीतील ‘पंजाब’: वाफेवर चालणारी फ्रिगेट म्हणजे नेमके काय?

जहाजांचा इतिहास एकाच दिशेने पुढे गेला, असे आपण सहसा गृहीत धरतो: आधी वल्ही, मग शिडे, मग वाफ आणि शेवटी तेल. मुंबईच्या गोदीत १८५४ साली पाण्यात उतरलेल्या ‘पंजाब’ या युद्धनौकेचा प्रवास मात्र उलटा झाला. ती वाफेच्या इंजिनावर चालणारी फ्रिगेट म्हणून जन्माला आली आणि अवघ्या नऊ वर्षांनी तिचे इंजिन, बॉयलर आणि पाणी मागे ढकलणारी बाजूची चाके काढून टाकून तिला निव्वळ शिडाचे व्यापारी जहाज करण्यात आले. हे जहाज त्यानंतर पंचवीस वर्षे जगभर फिरले आणि आपल्या काळातील वेगवान जहाजांमध्ये गणले गेले. इंजिन काढल्यावर एखादी आगबोट अधिक नावारूपाला यावी, हे ऐकायला विचित्र वाटते. पण वाफेची फ्रिगेट ही काय चीज होती आणि तिच्यात काय अडचणी होत्या, हे समजून घेतले की त्यात नवल उरत नाही.

आधी फ्रिगेट या शब्दाकडे पाहू. माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेलेल्या ‘शिवालिक’सारख्या नौकांनाही आज फ्रिगेट म्हणतात, पण एकोणिसाव्या शतकात या शब्दाचा अर्थ वेगळा होता. शिडांच्या काळात सर्वांत मोठ्या युद्धनौकांवर तोफांचे दोन किंवा तीन मजले असत आणि समोरासमोर रांगा धरून होणाऱ्या लढाईत त्या उतरत. फ्रिगेट त्यांच्याहून लहान, तोफांचा एकच मुख्य मजला असलेली आणि चपळ असे. टेहळणी करणे, निरोप पोहोचवणे, व्यापारी जहाजांना सोबत करणे, दूरच्या किनाऱ्यावर एकट्याने जाऊन दरारा बसवणे ही तिची कामे होती. सैन्यातील घोडदळाशी तिची तुलना करता येईल. अशा नौकेला वाऱ्याची वाट पाहावी लागू नये, ही इच्छा स्वाभाविक होती आणि तिच्यातूनच वाफेची फ्रिगेट जन्माला आली.

त्यातही ईस्ट इंडिया कंपनीची गरज अधिक निकडीची होती, कारण मुंबईला वर्षातले काही महिने वारा प्रतिकूल असे. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की मुंबईहून तांबड्या समुद्राकडे जाणे शिडाच्या जहाजाला फार कठीण होई. लंडनचे पत्र आफ्रिकेला वळसा घालून मुंबईत यायला कित्येक महिने लागत. सुएझपर्यंत आगबोट, तिथून जमिनीवरून भूमध्य समुद्र आणि पुढे पुन्हा जहाज, अशी साखळी जोडली तर हा काळ फारच कमी होईल, हे मुंबई सरकारला पटले होते. मात्र खर्चाच्या भीतीने कंपनीचे लंडनचे संचालक कां-कूं करत होते.

या कल्पनेची परीक्षा ‘ह्यू लिंडसे’ या छोट्या आगबोटीने दिली. ४११ टनांची ही बोट १८२९ साली मुंबईतच बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन यांच्या हुकुमतीखाली सुएझकडे निघाली. तिची मूळ कोळसाकोठी साधारण साडेपाच दिवस पुरेल एवढीच होती आणि एडन तर अकरा दिवसांच्या अंतरावर होते. म्हणून जिथे जागा सापडेल तिथे कोळसा भरला गेला. बोट इतकी खोल बसली की तिची चाके पाण्यात बुडून नीट फिरेनात, आणि एडनला ती पोहोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता. २२ एप्रिलला ती सुएझला लागली, पण या तेहतीस दिवसांपैकी बरेच दिवस वाटेत कोळसा भरण्यातच गेले. शिवाय तो कोळसा आधीच शिडाच्या जहाजाने त्या त्या बंदरात नेऊन ठेवावा लागला होता. आगबोटीच्या पोटाची सोय करण्यासाठी तिच्यापुढे शिडाचे जहाज पाठवावे लागते, ही गंमत पुढची कित्येक दशके तशीच राहिली. मुंबईला येणारा विलायती कोळसासुद्धा आफ्रिकेला वळसा घालून शिडांवरच येत असे.

कोळशाची ही भूक इतिहासालाही वळण देऊन गेली. १९ जानेवारी १८३९ रोजी कंपनीने एडन बंदर लढून ताब्यात घेतले. लुटल्या गेलेल्या एका जहाजाचे निमित्त त्यासाठी पुढे केले गेले असले, तरी मुंबई आणि सुएझ यांच्या दरम्यान कोळशाचे एक पक्के ठाणे हवे, हे त्यामागील मोठे कारण होते. एडनचा कारभार मग जवळजवळ शंभर वर्षे हिंदुस्थान सरकारशी जोडलेला राहिला. एखाद्या यंत्राला दर काही दिवसांनी खायला लागते, एवढ्या साध्या गोष्टीने नकाशे बदलतात.

आता त्या यंत्राच्या आत डोकावू. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे सतराशे पट वाढते, आणि या फुगण्याच्या जोरावर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलला जातो, इतके आपण शाळेत शिकलेले असतो. मात्र त्या काळच्या जहाजी इंजिनात वाफेचा दाब फारच कमी असे आणि इंजिनाला मिळणाऱ्या जोराचा मोठा हिस्सा वाफ फुगण्यातून नव्हे, तर ती आकसण्यातून मिळे. गरम भाजीचा स्टीलचा डबा लगेच घट्ट झाकून ठेवला, तर थंड झाल्यावर त्याचे झाकण निघता निघत नाही, हा अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरात येतो. आतली वाफ आकसून पाणी होते, डब्यात पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. जहाजाच्या इंजिनातही काम करून झालेल्या वाफेवर थंड समुद्राचे पाणी फवारत, त्यामुळे पोकळी तयार होई आणि ती पोकळी दट्ट्याला ओढून घेई.

यात एक मोठी मेख होती. वाफेवर खारे पाणी फवारले की वाफेचे गोडे पाणी त्यात मिसळून जाई आणि तेच खारट पाणी पुन्हा बॉयलरमध्ये घालावे लागे. खारे पाणी सतत उकळत राहिले तर काय होईल, हे मिठागरे पाहिलेल्या कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको. बॉयलरमधील पाणी घट्ट होत जाई आणि पातेल्याच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर धरतो तसा जाड थर आतल्या पत्र्यावर बसे. तो थर उष्णता अडवी, कोळसा अधिक जाळावा लागे आणि पत्रा जळून बॉयलर निकामी होण्याची भीती असे. म्हणून ठरावीक वेळाने बॉयलरमधील गरम, खारट पाण्याचा काही भाग समुद्रात सोडून द्यावा लागे. म्हणजे कोळसा जाळून तापवलेले पाणी हेतुपुरस्सर फेकून द्यायचे. दाब वाढवला की क्षारांचा त्रास आणखी वाढे, म्हणून दाब कमी ठेवणे भाग पडे. आणि दाब कमी म्हणून इंजिन अवाढव्य होई. जहाजाच्या मध्यभागी, जिथे पोट सर्वांत रुंद असते तिथे, इंजिन, बॉयलर आणि कोळसा यांचे राज्य असे.

इंजिनाने निर्माण केलेला जोर पाण्यापर्यंत पोहोचवण्याचे साधन म्हणजे जहाजाच्या दोन्ही कुशींना बसवलेली मोठाली चाके. आपला रहाट डोळ्यांसमोर आणावा. रहाटात चाक फिरवून पाणी उचलायचे असते. इथे चाकाच्या कडेला लावलेल्या फळ्यांनी पाणी मागे ढकलायचे असते. नदीत किंवा शांत खाडीत ही चाके उत्तम चालत. भर समुद्रात मात्र त्यांचे दोष एकामागून एक उघडे पडत. बंदरातून निघताना कोळशाने भरलेले जहाज खोल बसलेले असे, त्यामुळे चाके गरजेपेक्षा जास्त बुडत. कोळसा संपत आला की जहाज वर येई आणि चाके पाण्याला धड लागत नसत. लाटांवर जहाज कलले की एक चाक खोल जाई आणि दुसरे हवेत गरगर फिरे. शिडे उभारून जायचे ठरवले, तर न फिरणारी चाके पाण्यात अडसर होत.

युद्धनौकेसाठी तर ही चाके दुहेरी संकट होती. शिडांच्या काळातील नौकेची सारी ताकद तिच्या दोन्ही कुशींना ओळीने मांडलेल्या तोफांमध्ये असे, आणि चाकांनी नेमकी तीच जागा अडवली. शिवाय एक गोळा चाकावर बसला की जहाज लंगडे होणार. त्यामुळे चाकांच्या फ्रिगेटवर तोफा मोजक्याच, पण मोठ्या तोंडाच्या ठेवण्याची रीत पडली. ‘पंजाब’वर आठ इंच व्यासाच्या, ६८ पौंडी गोळा फेकणाऱ्या दहा तोफा होत्या. तिच्या निम्म्या आकाराच्या शिडाच्या जुन्या फ्रिगेटवर याच्या तीन-चार पट तोफा दिसत, हे लक्षात घेतले तर चाकांनी काय किंमत वसूल केली, हे कळते.

अशी नौका मुंबईत बांधली जाणे हा योगायोग नव्हता. सुरतेचे पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईत आले, तेव्हापासून दीडशे वर्षांच्या आसपास गोदीतील मुख्य बांधकाम करणाऱ्याचा मान त्यांच्याच घराण्याकडे राहिला. फोर्टाच्या कुशीतल्या त्या गोदीत आज नौदलाचा डॉकयार्ड आहे आणि तिथली १८१० पर्यंत पूर्ण झालेली डंकन गोदी अजून वापरात आहे. वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही १८१७ सालची शिडाची फ्रिगेट आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षे लाकूड टिकते, याचे श्रेय बांधणाऱ्यांच्या हाताइतकेच मलबारच्या सागवानाला द्यावे लागेल.

सागवानाचे गुण सांगताना लोक सहसा ते कुजत नाही एवढ्यावर थांबतात. जहाजासाठी त्याहून महत्त्वाचा गुण वेगळाच आहे. इंग्लंडमध्ये जहाजे ओक लाकडाची होत. ओकमध्ये असलेले आम्ल लोखंडी खिळे आणि बोल्ट हळूहळू खाऊन टाकते. सागवानात नैसर्गिक तेल असते आणि त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंड उलट सुरक्षित राहते. वाफेचे इंजिन सतत हादरे देते, सांधे सैल करते. अशा जहाजात खिळे आणि बोल्ट शाबूत राहणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. म्हणूनच वाफेच्या काळातही मुंबईच्या सागवानी जहाजांना मागणी राहिली.

वाडिया घराण्याने वाफेकडे पाठ फिरवली नव्हती, हेही सांगायला हवे. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण १८३८ साली इंग्लंडला गेले आणि तेथील सरकारी गोदीत नव्या पद्धतीची जहाजबांधणी शिकले. त्यांचेच नातलग अर्देशीर कर्सेटजी यांनी तर वाफेच्या यंत्रात इतके प्रावीण्य मिळवले की १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून त्यांची निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. मुंबईच्या वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्यांच्या हाताखाली युरोपीय कारागीर काम करू लागले, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. तरीही एक मर्यादा कायम राहिली. जहाजाचे अंग मुंबईत घडे, पण मोठी इंजिने इंग्लंडहून आणावी लागत. आपल्या हाती सांगाडा आणि परक्याच्या हाती काळीज, ही विभागणी पुढे गोदीला महागात पडली, असे मला वाटते.

२१ एप्रिल १८५४ रोजी पाण्यात उतरलेली ‘पंजाब’ ही कर्सेटजी रुस्तमजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधली गेली. जुन्या मापनपद्धतीने ती १,७४५ टनांची होती आणि तिच्या इंजिनांची ताकद ७०० अश्वशक्ती अशी नोंदली जाते. या आकड्याने फसू नये, कारण त्या काळी अशी अश्वशक्ती सिलिंडरच्या मापांवरून ठरीव सूत्राने काढत आणि इंजिन प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक जोर देई. तिची जोडीदार नौका होती ‘असई’. दोन्ही नावे कंपनीने कशाच्या आठवणीत ठेवली असतील, हे ओळखणे अवघड नाही. १८४९ मध्ये शिखांचा पाडाव करून पंजाब खालसा करण्यात आला होता. आणि असई म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील ते गाव, जिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव झाला. पारशी कारागिरांनी मलबारच्या लाकडातून घडवलेल्या आणि कोकण किनाऱ्यावरच्या खलाशांनी हाकलेल्या जहाजाच्या कपाळावर मराठ्यांच्या पराभवाचे नाव कोरलेले असावे, हा त्या काळाचाच विनोद म्हणायचा.

या नौका ब्रिटिश राणीच्या नौदलाच्या नव्हत्या, कंपनीच्या होत्या. पूर्वी ‘बॉम्बे मरीन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या दलाला १८३० मध्ये ‘इंडियन नेव्ही’ हे नाव मिळाले होते आणि त्याचे मुख्य ठाणे मुंबईत होते. हे दल इराणच्या आखातात गस्त घालणे, समुद्राची मापे घेऊन नकाशे बनवणे, सैन्य आणि टपाल वाहणे अशी कामे करी.

‘पंजाब’ला लवकरच युद्ध दिसले. इराणच्या शहाने अफगाणिस्तानातील हेरात शहर घेतल्यामुळे १८५६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिशांनी इराणविरुद्ध युद्ध पुकारले आणि मुंबईहून आरमार आखातात गेले. ‘पंजाब’ या मोहिमेत होती. १० डिसेंबर १८५६ रोजी बुशहर बंदर पडले. येथे वाफेचा फायदा स्पष्ट दिसला. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, वारा असो वा नसो, जहाज हव्या त्या जागी नेऊन उभे करता येत होते आणि सैन्याने भरलेली शिडाची जहाजे आगबोटींना दोर बांधून ओढत नेता येत होती. लढाऊ नौकेपेक्षा ओढणारी आणि वाहणारी नौका म्हणूनच चाकांची फ्रिगेट अधिक उपयोगी पडली, हे या मोहिमेतून मला जाणवते.

याच युद्धातील एक प्रसंग पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ४ मार्च १८५७ रोजी पॅरिसमध्ये इराण आणि ब्रिटन यांच्यात तह झाला. ती बातमी आखातात पोहोचायला एक महिना लागला. मधल्या काळात, २६ मार्च रोजी, सर जेम्स आउट्रम यांच्या सैन्याने आणि इंडियन नेव्हीच्या नौकांनी मोहम्मराच्या तटबंदीवर, म्हणजे आजच्या खोर्रमशहरवर, तोफांचा भडिमार केला आणि ते ठाणे जिंकले. तह होऊन तीन आठवडे उलटल्यावर, केवळ निरोप न पोहोचल्यामुळे, माणसे मेली.

इराणहून सुटलेले सैन्य मुंबईत येते न येते तोच उत्तरेत उठाव पेटल्याची बातमी आली. सैन्य तातडीने कलकत्त्याला नेण्यात आले आणि ‘पंजाब’ही तिकडे गेली. तिच्यावरील आणि ‘झेनोबिया’ या दुसऱ्या नौकेवरील खलाशांच्या तुकड्या जमिनीवर उतरवण्यात आल्या आणि त्यांतील काही ढाक्याला पाठवल्या गेल्या. २२ नोव्हेंबर १८५७ रोजी ढाक्यात शिपायांची शस्त्रे काढून घेताना लालबाग किल्ल्याजवळ चकमक झाली आणि त्यात इंडियन नेव्हीचा आर्थर मेयो हा कोवळ्या वयाचा मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, तोफांवर सर्वांत पुढे धावून गेला, म्हणून त्याला व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. समुद्रावरील नौकेचा सर्वांत गाजलेला पराक्रम तिच्या खलाशांनी नदीकाठच्या शहरात, जमिनीवर केलेला असावा, ही नौदलाच्या इतिहासातील चमत्कारिक गोष्टींपैकी एक आहे. समोर उभे असलेल्या शिपायांच्या बाजूने हीच घटना अर्थातच वेगळी दिसते.

या साऱ्या काळात जगात एक वेगळीच घाई चालू होती, आणि ‘पंजाब’ पाण्यात उतरली तेव्हाच एका अर्थाने मागे पडलेली होती. ३ एप्रिल १८४५ रोजी ब्रिटिश नौदलाने ‘रॅटलर’ आणि ‘अलेक्टो’ या जवळपास सारख्या ताकदीच्या दोन बोटी मागच्या बाजूने एकमेकींना बांधल्या आणि विरुद्ध दिशांना ओढायला लावल्या. ‘रॅटलर’ला पाण्याखाली फिरणारा पंखा होता आणि ‘अलेक्टो’ला बाजूची चाके. पंख्याच्या बोटीने चाकांच्या बोटीला फरफटत मागे ओढत नेले. नौदलाचा कल तोवर पंख्याकडे झुकलेलाच होता, त्यामुळे ही रस्सीखेच काहीशी प्रदर्शनासाठी होती. पण सामान्य माणसाला जे कोष्टकांनी पटले नसते ते या दृश्याने पटले. पंखा पाण्याखाली असल्यामुळे गोळ्यांपासून सुरक्षित राही, तोफांच्या रांगा मोकळ्या राहत आणि जहाज कलले तरी तो बुडालेलाच राही. असे असूनही नऊ वर्षांनी मुंबईत चाकांची फ्रिगेट का बांधली गेली, याचे उत्तर कंपनीच्या कामात आहे. उथळ आखाते, नद्यांची मुखे आणि जहाजे ओढत नेण्याचे काम यांसाठी चाके तोवर खात्रीची होती.

दुसरा घाव अधिक खोल होता आणि तो थेट लाकडावर बसला. ३० नोव्हेंबर १८५३ रोजी काळ्या समुद्रावरील सिनोप बंदरात रशियन आरमाराने स्फोटक गोळे वापरून तुर्की लाकडी जहाजे जाळून टाकली. भरीव लोखंडी गोळा लाकडाला भोक पाडतो आणि ते भोक सुतार बुजवू शकतो. आत शिरून फुटणारा गोळा मात्र सारे जहाजच पेटवतो. फ्रान्सने यावर उत्तर म्हणून १८५९ मध्ये लोखंडी पत्र्यांचे चिलखत घातलेली ‘ग्लुआर’ उतरवली आणि ब्रिटनने १८६० मध्ये ‘वॉरियर’. ‘वॉरियर’चे अंगच लोखंडाचे होते. १८६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात तर ‘मेरिमॅक’ या वाफेच्या लाकडी फ्रिगेटच्या सांगाड्यावर लोखंडी कवच चढवून तयार केलेल्या ‘व्हर्जिनिया’ने एकाच दिवशी दोन मोठी लाकडी जहाजे नष्ट केली, आणि लाकडी युद्धनौकेचे दिवस भरले हे कोणालाही सांगायची गरज राहिली नाही.

म्हणजे मुंबईची गोदी सागवानाच्या कामात कळसाला पोहोचली, त्याच दशकात युद्धनौकेतून लाकूडच हद्दपार होऊ लागले. लोखंडी जहाज बांधायचे तर पत्रे आणि रिव्हेटे हवीत, आणि ती ब्रिटनमध्येच स्वस्त होती. वाडियांच्या कौशल्यात उणीव नव्हती; त्या कौशल्याला लागणारा कच्चा मालच बदलला होता.

‘पंजाब’ आणि ‘असई’ यांची चाके काढून पंखे बसवावेत, असे ठरले आणि त्यासाठी दोघींना इंग्लंडला पाठवण्यात आले. तेवढ्यात त्यांचे धनीच नाहीसे झाले. कंपनीची सत्ता १८५८ मध्ये राणीच्या सरकारकडे गेली होती आणि ३० एप्रिल १८६३ रोजी इंडियन नेव्ही मोडीत काढण्यात आली. समुद्री संरक्षण ब्रिटिश नौदल पाहील, मग वेगळे दल कशाला, असा विचार झाला. दोन्ही नौका विकायला निघाल्या आणि जॉन विलिस नावाच्या लंडनच्या जहाजमालकाने त्या घेतल्या. नेहमी पांढरी उंच टोपी घालणारा हा माणूस जहाजे पारखण्यात वाकबगार होता. ‘असई’ त्याने लगेच इतक्या चांगल्या किमतीला विकून टाकली की दोन्ही जहाजांचा खर्च निघाला, असे सांगतात. ‘पंजाब’ मात्र त्याने स्वतःसाठी ठेवली.

विलिसने तिचे इंजिन काढले, चाके काढली, डोलकाठ्या नव्याने उभारल्या आणि तिचे नाव ‘द ट्वीड’ ठेवले. हे मागासलेपण वाटू नये. १८६३ साली इंग्लंडहून पूर्वेकडे जाणाऱ्या मालवाहू आगबोटीला वाटेत वारंवार कोळसा घ्यावा लागे आणि त्या कोळशाने भाड्याचा नफा खाऊन टाकलेला असे. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळे आणि पोटातील सारी जागा मालाला मिळे. आणि ‘पंजाब’चा सांगाडा या कामाला विलक्षण योग्य होता. अवजड यंत्रांचे हादरे सोसण्यासाठी तो भक्कम बांधलेला होता, वाफेवर वेग यावा म्हणून लांब आणि निमुळता ठेवलेला होता, आणि मधल्या कोठ्या रिकाम्या केल्यावर त्यात माल भरायला ऐसपैस जागा झाली. इंजिनासाठी केलेली तरतूद शिडांच्या कामी आली.

नव्या अवतारातील तिचे पहिले मोठे काम इराणच्या आखातातच होते. मोहम्मरासारख्या घटना पुन्हा घडू नयेत आणि हिंदुस्थानचा लंडनशी त्वरित संपर्क राहावा, म्हणून ग्वादर ते बुशहर आणि पुढे आजच्या इराकमधील फाव अशी समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकण्याचे ठरले. १८६४ साली ही केबल इंग्लंडहून ज्या पाच शिडाच्या जहाजांतून आणली गेली, त्यांत ‘ट्वीड’ होती आणि विकली गेलेली ‘असई’ही होती. केबल टाकताना जहाज ठरावीक गतीने आणि सरळ रेषेत जावे लागते, जे वाऱ्याच्या भरवशावर जमत नाही. म्हणून या जहाजांना आगबोटी दोर बांधून ओढत होत्या. सात-आठ वर्षांपूर्वी याच पाण्यात इंडियन नेव्हीच्या आगबोटी शिडाच्या जहाजांना ओढत होत्या आणि ‘पंजाब’ त्यांपैकी एक होती. आता दोराच्या दुसऱ्या टोकाला तीच होती.

त्यानंतर कॅप्टन विल्यम स्टुअर्ट यांच्या हाताखाली ‘ट्वीड’ने वेगाचे नाव कमावले. हाँगकाँगहून सिंगापूरला निघालेल्या टपालाच्या आगबोटीला तिने एकदा दीड दिवसाने मागे टाकले, अशी आख्यायिका खलाशांमध्ये पुढे बराच काळ सांगितली जाई. विलिसला या जहाजाचा इतका अभिमान होता की नवे चहावाहू जहाज बांधायचे ठरल्यावर त्याने हर्क्युलिस लिंटन या तरुण आरेखकाला सुक्या गोदीत उभ्या असलेल्या ‘ट्वीड’चा तळ दाखवायला नेले. लिंटनने तिच्या आकारात आपले बदल केले आणि ‘कटी सार्क’ जन्माला आले. लंडनला जाणारे आपले लोक ग्रीनिचला जे जहाज आवर्जून पाहतात, ते हेच. त्याच्या आकारात ‘ट्वीड’चा वाटा नेमका किती आणि लिंटनचा किती, यावर जाणकारांत मतभेद आहेत, पण मुंबईत घडलेला तो तळ त्याच्या डोळ्यांसमोर होता, एवढे निश्चित. ‘कटी सार्क’ २२ नोव्हेंबर १८६९ रोजी पाण्यात उतरले. सुएझ कालवा त्याच्या पाचच दिवस आधी, १७ नोव्हेंबरला, उघडला होता.

कालव्यातून शिडाच्या जहाजांना जाता येणे अवघड होते आणि आगबोटींना तो मार्ग हजारो मैलांनी जवळचा पडला. त्याच सुमारास वाफेचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळू न देता ती थंड करणारी यंत्रणा आणि एकाच वाफेकडून दोनदा काम करून घेणारी इंजिने व्यापारी जहाजांवर आली. बॉयलरमधील मीठ गेले, दाब वाढला, कोळसा निम्म्यावर आला. ‘पंजाब’ बांधली तेव्हा तिच्या इंजिनात ज्या त्रुटी होत्या त्या एकेक करून दूर झाल्या. मात्र तिच्या पोटात आता इंजिन नव्हते. तरीही दूरच्या फेऱ्या, वसाहतींकडे जाणारे प्रवासी आणि सावकाश पोहोचला तरी चालेल असा माल यांवर ‘ट्वीड’ आणखी वीस वर्षे टिकून राहिली.

१८८८ साली दक्षिण आफ्रिकेजवळ वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. एका आगबोटीने तिला ओढत अल्गोआच्या उपसागरात आणून नांगरावर उभे केले, पण पुढच्या वादळात नांगर टिकला नाही आणि ती किनाऱ्यावर फेकली गेली. तिचे वय तेव्हा चौतीस वर्षांचे होते. तिची सागवानी तुळवटे पोर्ट एलिझाबेथमधील एका इमारतीच्या छपरासाठी वापरली गेली, असे सांगतात.